दहा मिनिटांच्या पुढे

मंगळवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. तबेल्यामागच्या गल्लीत पत्र्याच्या छपराची एक खोली आहे. तिथे आरीबाई मांडीवर खोगीर उलटे घेऊन बसल्या आहेत. खोगिराच्या पोटाला दोन लांब गाद्या असतात. त्या घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकतात, म्हणजे माणसाचे वजन थेट कण्यावर येत नाही. डाव्या गादीची शिवण चार बोटे उसवून त्यांनी आतली गोळा झालेली लोकर बाहेर काढली आहे. ती बोटांनी पिंजायची, लांब सळईने पुन्हा आत सारायची, वरून मुठीने ठोकायची, मग तळहात फिरवून बघायचा. कुठे ढेकूळ लागले की पुन्हा पहिल्यापासून. इतर धंद्यांत खोगीरभरती हा शब्द लोक नाक मुरडून वापरतात. आरीबाईंचे तेच मुख्य काम आहे आणि त्या ते बावीस वर्षे करत आहेत.

आजचे खोगीर गिऱ्हाइकाचे नाही. त्यांचे स्वतःचे आहे. निदान अर्धे. उरलेले अर्धे त्यांच्या मुलीचे.

आरीबाई हे नाव घोडेस्वारी शाळेतल्या लोकांनी पाडले. चामड्याला भोक पाडायची आरी त्यांच्या हातात नसली तर अंबाड्यात खोचलेली असते. वय अठ्ठेचाळीस, वजन बाहत्तर किलो, उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही. यातले त्या काहीच लपवत नाहीत. उलट कोणी न विचारता आधीच सांगून टाकतात, म्हणजे समोरच्याला पुढचे वाक्य बोलायला जागा उरत नाही. मुलगी पंधरा वर्षांची आहे, आईपेक्षा चार बोटे उंच आणि जेमतेम सेहेचाळीस किलो. तिला सगळे काडी म्हणतात. ती शाळेच्या घोड्यांवर स्वारी शिकते आणि सध्या आडव्या दांड्यांवरून उड्या मारायला लागली आहे. घरात या दोघीच. मुलीचे वडील दुसऱ्या शहरात, दुसऱ्या घरात राहतात, आणि त्याबद्दल दोघींनाही फारसे बोलायचे नसते.

खोगीर दुरुस्त झाले की ते घोड्यावर चढवून बघावे लागते. आरीबाई हे काम दुसऱ्या कोणाला देत नाहीत. स्वतः वर बसतात आणि रिंगणात साध्या चालीने फेऱ्या मारतात. गादी कुठे दबते, खोगीर कुठे सरकते, हे दहा मिनिटांत कळते. मग उतरायचे, कारण मालक कुंपणाशी उभा असतो. अशा रीतीने त्या बावीस वर्षांत काहीशे घोड्यांवर बसल्या. एकाही घोड्यावर त्यांनी अकरावे मिनिट पाहिले नव्हते.

"मुलीसाठी घोडा बघताय म्हणे, असं जो तो विचारायला लागला," त्या सांगतात. "मी म्हटलं, मुलीसाठी नाही. आमच्यासाठी."

भांडण इथून सुरू झाले.

शाळेच्या तबेल्यात बाहेरच्या लोकांच्या घोड्यांसाठी सहा ठाणे, म्हणजे घोडे बांधायच्या जागा, आहेत. गेल्या महिन्यात त्यातले एक रिकामे झाले. नोंदवही मास्तरांकडे असते. मास्तर म्हणजे स्वारी शिकवणारे, साठीच्या जवळचे, पाठीचा कणा काठीसारखा सरळ असलेले गृहस्थ. आरीबाई नोंद करायला गेल्या तेव्हा त्यांनी चष्मा लावून पेन उघडले.

"स्वाराचं नाव?"

"दोन नावं लिहा."

"एका घोड्याला एक स्वार. रकाना एकच आहे."

"शाळेच्या घोड्यांवर दिवसाला आठ-आठ जण बसतात."

"म्हणूनच ते घोडे तसे झालेत. कोणाचंच ऐकत नाहीत." मास्तरांनी चष्मा काढला. "आरीबाई, वाईट वाटून घेऊ नका. काडीला हलका, चपळ, लांब टांगांचा घोडा लागेल. तुम्हाला लागेल खाटेसारखा. एकच जनावर दोन्ही कसं होणार?"

"मी काय झोपायला घेतेय?"

"या वयात पडलात तर?"

"पडले तर उठेन."

"आणि नाही उठलात तर?"

"मग तुमचा एक रकाना पुरेल."

मास्तरांनी रकाना रिकामाच ठेवला. शेजारी तारीख लिहिली: महिनाअखेर. तोवर घोडा आला नाही, किंवा कोणाचा ते ठरले नाही, तर ठाण यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होते.

घरीही बाजू मास्तरांचीच होती. काडी आईला म्हणाली, "तू नुसती चालवतेस. मला पळवायचं असतं. मला आवडलेला घोडा तुला पाडेल आणि तुला आवडलेल्यावर मला झोप लागेल."

"बघू."

"बघू काय? तू ठरवलंयस ना आधीच."

आरीबाईंनी तेव्हा एक अट घातली आणि ती दोघींना लागू केली. दोघी बसणार आणि दोघींनी हो म्हटल्याशिवाय घोडा घ्यायचा नाही. ही अट नंतर कोणी मोडली, हे पुढे येईल.

घोड्यांचा व्यापारी गावाबाहेर, अर्ध्या तासाच्या रस्त्यावर राहतो. दोघींना तिथे नालबंदाने त्याच्या टेम्पोतून नेले. हा नालबंद शाळेच्या घोड्यांचे नाल दर सहा आठवड्यांनी बदलतो आणि आरीबाईंना त्यांच्या कामाच्या पहिल्या वर्षापासून ओळखतो. वाटेत त्याने कामे वाटून दिली.

"पाय मी बघतो. पाठ तुम्ही बघा, आरीबाई. मधलं जनावर काडी बघेल."

व्यापाऱ्याकडे दोन लांब शेड, एक पाण्याची टाकी आणि एक रिंगण आहे. सगळ्या घोड्यांना दाखवण्यापुरते एकच खोगीर तो वापरतो, खाली जाड घोंगडी टाकून. त्याने आधी तांबडा घोडा बाहेर काढला. पाच वर्षांचा, अंगावर हात फिरवला तर घसरावा इतका तुकतुकीत.

"हा ताईंच्या मुलीसाठी."

"आणि माझ्यासाठी?" आरीबाईंनी विचारले.

"तुम्ही फोटो काढा, ताई. उजेड छान आहे."

"फोटो तुम्ही काढा. आधी ती बसेल, मग मी."

काडी बसली आणि घोडा वाऱ्यासारखा गेला. वळणावर तिचे केस आडवे झाले. ती उतरली तेव्हा तिचा चेहरा बघून नालबंद दुसरीकडे पाहू लागला. मग आरीबाई चढल्या. तांबड्याने कान मागे टाकले, पाठ खाली दाबली आणि तिरका तिरका चालू लागला, जणू पाठीवरचे ओझे कुंपणाला घासून काढता येईल. चार मिनिटांत त्या उतरल्या.

"माझं वजन त्याला पटलं नाही," त्या म्हणाल्या. "पुढचा."

पुढचा काळा होता. अठरा वर्षांचा, जाड पायांचा. आरीबाईंच्या खाली तो शहाण्यासारखा चालला. काडी बसली, टाचा मारल्या, पुन्हा मारल्या. घोड्याने मान वळवून तिच्या बुटाकडे पाहिले.

"आई, हे कपाट आहे. ढकलायला चार माणसं लागतील."

"खाट म्हणजे हीच बघा, मास्तरांची," नालबंद म्हणाला.

पाणी प्यायला म्हणून आरीबाई शेडमध्ये गेल्या. जिथे जातील तिथे टांगलेली खोगिरे उलटून बघायची त्यांची खोड आहे, तशी त्यांनी ती बघितली. तिसऱ्या ठाणासमोरच्या खुंटीवर एक जुने खोगीर होते. चामडे काळवंडलेले, पण दोन्ही गाद्या सारख्या दबलेल्या. हे क्वचित दिसते. बहुतेक घोडे एका अंगाने चालतात आणि एक गादी आधी बसते. मग त्यांनी पाय ठेवायच्या रिकिबीचा पट्टा हातात घेतला. स्वार ज्या भोकात रोज बकल लावतो ते भोक ओढ खाऊन लांबट होते, हे त्यांनी हजार वेळा पाहिले होते. या पट्ट्यावर अशी दोन भोके होती. तिसरे आणि आठवे. मधली सगळी गोल, वापर नसलेली. दोन्ही बाजूंना तसेच.

म्हणजे हे खोगीर दोघांचे होते. एक आखूड पट्ट्याचा, एक लांब पट्ट्याचा. एखाद दिवसाचे नव्हे, वर्षानुवर्षांचे. आणि ज्या पाठीवर ते बसत होते ती पाठ दोघांच्याही खाली सरळ राहिली होती.

मास्तर ज्याला अशक्य म्हणत होते ते इथे खुंटीला टांगलेले होते.

तिसऱ्या ठाणात करडा घोडा उभा होता. नऊ वर्षांचा, देखणा, डोळे मोठे. "हा," आरीबाई म्हणाल्या. "आणि सोबत हे खोगीर द्यायचं."

व्यापाऱ्याने खोगिराकडे पाहिले, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाला, "न्या की."

काडी करड्यावर दोन फेऱ्या बसली. आरीबाई दहा मिनिटे बसल्या आणि उतरल्या. कोणी उतरा म्हणाले नव्हते, कोणी वाट बघत नव्हते. सवयीने उतरल्या.

"कसा वाटला?" त्यांनी मुलीला विचारले.

"बरा आहे. मला तो तांबडा..."

"हो की नाही?"

"तुला एवढा हवा असेल तर घे."

हे वाक्य आरीबाईंनी हो म्हणून धरले. व्यापाऱ्याने आठवडाभर आजमावून बघायची मुभा दिली.

करडा शाळेत आला त्या संध्याकाळी आरीबाईंनी शिशाची पट्टी काढली. खांद्यामागे घोड्याच्या पाठीवर ही मऊ पट्टी दाबायची. ती पाठीचा आकार घेते. मग तो आकार पुठ्ठ्यावर उतरवायचा. व्यापाऱ्याकडे जाताना त्यांनी पट्टी घरीच ठेवली होती. त्या दिवशी मी गिऱ्हाईक होते, कारागीर नव्हते, असे त्या म्हणतात. पुठ्ठ्यावर करड्याची पाठ उतरत्या छपरासारखी निघाली. खोगीर मात्र रुंद, पसरट पाठीसाठी भरलेले होते. दोन्हीत चार बोटांची पोकळी राहत होती. वर्षानुवर्षे सोडाच, हे खोगीर या घोड्यावर नऊ मिनिटेसुद्धा नीट बसले नसते.

खोगीर दुसऱ्याच घोड्याचे होते.

अशी चूक दुसऱ्या कोणी केली नसती, कारण दुसऱ्या कोणी खुंटीवर एवढा भरवसा टाकला नसता. वीस वर्षांपूर्वी शाळेत दोन घोड्यांची खोगिरे अदलाबदल झाली आणि दोघांच्याही पाठी सोलल्या. तेव्हा आरीबाईंनी स्वतः प्रत्येक खुंटीवर आकडा रंगवला. ज्याचे खोगीर त्याच्याच दारात. तेव्हापासून तिथे एकही खोगीर चुकीच्या खुंटीवर गेलेले नाही. सगळे जग आता असेच टांगते, असे त्यांनी धरून चालले होते.

त्यांनी पुठ्ठा गुंडाळून कपाटामागे टाकला. करड्यावर शाळेतले दुसरे खोगीर चढवले आणि कोणाला काही सांगितले नाही. "दोन दिवस," त्या म्हणतात. "दोन दिवस मी गप्प बसले. मास्तरांनी विचारलं, जुनं खोगीर का नाही, तर म्हटलं, भरायचंय. खोटंही नव्हतं ते. म्हणून जास्तच वाईट."

तिसऱ्या दिवशी दुपारी काडी करड्यावर होती. पहिली काही मिनिटे सगळे ठीक चालले. मग ती दुडक्या चालीने फाटकासमोरून निघाली आणि करड्याच्या दृष्टीने दिवसाचे काम संपले. तो फाटकापाशी जागच्या जागी वळून थांबला. काडी थांबली नाही. ती त्याच्या खांद्यावरून वाळूत गेली. हाड मोडले नाही, पण कोपर सोलले आणि तोंडात वाळू गेली.

ती थुंकून उठली. आई धावत आली होती.

"हात दाखव."

"हात ठीक आहे." काडीने कोपर मागे घेतले. "तू घोडा बघितलाच नाहीस, आई. तू खोगीर बघत होतीस. मला तांबडा हवा होता आणि तुझ्यासाठी मी गप्प बसले. आणि तुला तर हाही नको होता. तुला फक्त मास्तरांना दाखवायचं होतं."

मास्तर कुंपणाशी उभे होते. आणखी दोन पालक होते. नालबंद एका घोड्याचा पाय मांडीत धरून बसला होता, त्याने कानस थांबवली. आरीबाईंना मान खाली घालून आत जाता आले असते. त्या आत गेल्या खऱ्या, पण कपाटामागचा पुठ्ठा घेऊन बाहेर आल्या.

"खोगीर या घोड्याचं नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या. "मला परवापासून माहीत आहे. सांगितलं नाही. चूक माझी." मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "आणि तू हो म्हणाली नव्हतीस. मी ते हो करून घेतलं. अट मी मोडली."

काडी कोपरावरची वाळू झटकू लागली. मास्तर बोलले. "मी सांगत होतो, आरीबाई."

"तुम्ही सांगत होतात, एक घोडा दोघींना चालत नाही. हा एकीलाही चालत नाही. ते वेगळं."

"म्हणजे अजून हट्ट आहेच?"

"घोडा चुकला. खोगीर खोटं नाही. या पट्ट्याची भोकं कोणी तरी ओढलीत ना? दोन माणसांनी ओढलीत. ते जनावर कुठे तरी उभं असणार."

"महिना संपायला सहा दिवस आहेत."

"मला मोजता येतं."

दुसऱ्या दिवशी टेम्पोत मागे करडा होता, पुढे नालबंद, आरीबाई, काडी आणि काडीच्या मांडीवर ते खोगीर. काडीला कोणी ये म्हटले नव्हते. ती आपण होऊन बसली होती आणि अर्धी वाट खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "पट्टी घेतलीस का?"

"घेतली."

"बघू." तिने पिशवीत हात घालून खात्री करून घेतली.

व्यापाऱ्याला खेद वगैरे काही झाला नव्हता. "तुम्ही विचारलंत कुठे, हे कोणाचं खोगीर म्हणून?"

"त्याच्या दारात होतं."

"खुंटी रिकामी दिसली की टांगतो आम्ही. तुमच्याकडे काय प्रत्येकाची वेगळी असते?"

"हो."

"कमाल आहे."

आरीबाईंनी खोगिराच्या पोटाचा आकार पुठ्ठ्यावर कापून आणला होता. त्यांनी पहिल्या शेडपासून सुरुवात केली. पट्टी दाबायची, उचलायची, पुठ्ठ्याला लावून बघायची. काडी घोडे धरत होती. व्यापारी मजा बघत होता. "शिंपी आलेत बरं का, कोट शिवणार आहेत तुम्हाला," तो घोड्यांना सांगत होता. दहा घोडे झाले. कोणाची पाठ उंच, कोणाची खोल. तांबड्याचीही बसली नाही. काडीने त्याच्या मानेवर हात फिरवला आणि त्याला परत बांधले.

"अजून कोणी आहे?"

"विकायचं कोणी नाही. मागे एक घोडी आहे. नवे घोडे बावरतात, त्यांना सोबत म्हणून ठेवलीय."

घोडी मागच्या शेडमध्ये गवत खात होती. तेरा वर्षांची, रंग वाळलेल्या चिखलासारखा, खालचा ओठ लोंबलेला, डाव्या कानाचा तुकडा कधी तरी तुटलेला. आरीबाईंनी पट्टी दाबली, उचलली आणि पुठ्ठ्याला लावली. नख जाईल एवढीही फट राहिली नाही.

"हिच्यावर कोण बसायचं?"

व्यापाऱ्याने डोके खाजवले. "एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची सून. सकाळी तो, संध्याकाळी ती. आठ-नऊ वर्षं. मग तो थकला, तिची बदली झाली. मला म्हणाले, चांगल्या घरी द्या. आता चांगलं घर म्हणजे रूप न बघणारं. तसं कोणी आलंच नाही."

"सासरा आणि सून," नालबंद म्हणाला. "भांडायचे नाहीत?"

"सगळ्यावरून भांडायचे. तिच्यावरून कधी ऐकलं नाही."

नालबंदाने चारही पाय उचलून पाहिले आणि मान हलवली. म्हणजे ठीक. घाईत निर्णय घ्यायची हौस आता आरीबाईंना नव्हती. त्यांनी खोगीर चढवले, पोटाखालचा तंग आवळला आणि लगाम मुलीच्या हातात दिला. "आधी तू. हवं तेवढा वेळ. आणि खरं सांग."

काडीने घोडीला आधी चालवले, मग दुडक्या चालीने नेले, मग मोकळे सोडले. घोडी तांबड्यासारखी वाऱ्यावर गेली नाही. पण पळ म्हटल्यावर पळाली, वळ म्हटल्यावर वळली. रिंगणाच्या टोकाला दोन पिंपांवर एक दांडी ठेवलेली होती. काडीने तिकडे तोंड केले. घोडीचा धड कान पुढे झाला, तिने पावले मोजल्यासारखी आखडती घेतली आणि दांडीवरून नीट पलीकडे गेली. काडीने परत फिरवले. पुन्हा तेच. चार वेळा.

"दिसायला फाटक्या चटईसारखी आहे," ती जवळ येऊन म्हणाली.

"पण?"

"पण काही नाही. तू बस."

आरीबाई ओट्यावरून चढल्या. गुडघा नेहमीप्रमाणे कुरकुरला. घोडीने क्षणभर थांबून वजन तोलून घेतले, पाठ किंचित वर उचलली आणि सरळ चालू लागली. आत्ताच उडी मारून आलेले जनावर हेच का, असे वाटावे इतकी सावकाश. एक फेरी, दुसरी, पाचवी. काडी कुंपणावर बसून मनगटावरचे घड्याळ बघत होती. आईचा पाय रिकिबीतून सुटायला लागलेला तिला दिसला.

"दहा झाली," ती ओरडली. "उतरू नकोस."

"काय?"

"पाय आत घाल. चालत राहा."

आरीबाईंनी पाय आत घातला. व्यापारी त्याच्या कामाला निघून गेला. तेराव्या मिनिटाला आरीबाईंनी टाच लावली आणि घोडी दुडक्या चालीने निघाली. त्या पहिल्या फेरीत त्या खोगिरावर पोत्यासारख्या आदळल्या, दुसरीत थोड्या कमी, तिसरीत मांड बसली. एकूण बावन्न मिनिटे झाली. उतरून त्या ओट्यावरच बसल्या.

"हो की नाही?" त्यांनी विचारले.

काडीने घोडीचा लोंबता ओठ बोटाने वर केला, सोडला, पुन्हा वर केला.

"तांबडा जास्त पळतो," ती म्हणाली.

"पळतो."

"पण तो स्वतःच्या मनाने पळतो. ही विचारते आधी." मग म्हणाली, "हो. माझं हो. तू करून घेतलेलं नाही."

महिना संपायला एक दिवस राहिला असताना घोडी शाळेत आली. मास्तरांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. तुटक्या कानाशी थांबले, ओठाशी थांबले. मग काडीला तिच्यावर बसवून त्यांनी अर्धा तास पाहिले आणि आईला बसवून अर्धा तास. मग नोंदवही काढली.

"घोडी ठीक आहे," ते म्हणाले. "कोणाचं नाव लिहू?"

"दोघींचं."

"आरीबाई, घोडी मान्य केली ना मी? वहीत एक नाव ही रीत आहे. काडीचं लिहितो. तुम्ही बसा की, मी कुठे अडवतोय?"

"तिचं नाव आणि माझी मेहेरबानी, असं नको. मी तिची आई म्हणून बसणार नाही. स्वार म्हणून बसणार."

"नियम आहे."

"कोणी केला?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "मीच. सुरुवातीला."

"मग पेन तुमच्याच खिशात आहे."

काडी दाराशी उभी होती. "मास्तर, आईचं आधी लिहा," ती म्हणाली. "रकाना लहान आहे. माझं खाली मावेल. मी बारीक आहे."

मास्तरांनी दोन्ही नावे लिहिली. अक्षर जाणूनबुजून लहान काढले आणि खाली सही करताना म्हणाले, "उद्या सगळेच मागायला लागतील."

"द्या मग," आरीबाई म्हणाल्या.

नव्या खुंटीवर आकडा रंगवायचे काम त्यांनी त्याच दुपारी केले. पहिले काही दिवस मास्तरांच्या अटीप्रमाणे दोघी त्यांच्या नजरेखाली, शाळेच्या वेळात बसल्या. उद्यापासून वेळ त्यांची स्वतःची.

पत्र्याच्या खोलीत सात वाजायला आले आहेत. डावी गादी भरून झाली. आरीबाईंनी अंबाड्यातली आरी काढली, चार टाके घालून शिवण बंद केली, दोरा दातांनी न तोडता कात्रीने कापला आणि खोगीर सुलटे केले. मास्तर खिडकीवरून जाताना थांबले.

"गुडघा कसा आहे?"

"दुखतो."

"मग?"

"मग काय? माझा आहे, दुखेल."

मास्तर पुढे गेले. आरीबाईंनी रिकिबीचे पट्टे तेलाच्या फडक्याने पुसले. जुन्या मालकांची तिसरे आणि आठवे ही भोके लांबट आहेत. या दोघींची त्यांच्या मधली आहेत. उडीसाठी मुलीचा पट्टा आखूड, चौथ्यात. न वाकणाऱ्या गुडघ्यासाठी आईचा लांब, सातव्यात. ही दोन्ही भोके अजून गोल आहेत.

तबेल्याच्या दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिले आहे. बुधवार, सहावे ठाण. सकाळी सहा वीस ते सात दहा, आई. दुपारी साडेचार ते सव्वापाच, मुलगी.